अप्पर हटहून रोज एकजण

ओटाहुहूच्या स्नेहलता परुळेकरांच्या हातचे डिंकाचे लाडू खाल्ले नाहीत अशी मराठी बाळंतीण दक्षिण ऑकलंडमध्ये शोधून सापडायची नाही. कुणाला ही थाप वाटत असेल तर त्यानं खुशाल दारोदार हिंडून विचारावं. वीस वर्षं ही बाई बाळंतिणींना डबे पोचवते आहे. मऊ भात, वरण, मेतकूट, वर साजूक तुपाची धार. शेपूची भाजी, बाजरीची भाकरी, अळिवाची खीर आणि शेवटी चावायला भाजलेला ओवा. डबा दारात ठेवून ती कधी परत फिरत नाही. आत जाते, बाळ बघते, बाळाच्या आईला समोर बसवून चार घास खायला लावते आणि मगच गाडीची किल्ली हातात घेते.

वय सत्तावन्न, उंची बेताची, आवाज मात्र पल्लेदार. १९९५ साली सांगलीहून नवऱ्याबरोबर इकडे आली. पुरुषोत्तम विमानतळाजवळच्या एका वर्कशॉपमध्ये कामाला होते. आता निवृत्त झाले आहेत, आणि बायकोच्या प्रत्येक उद्योगावर शेरे मारणं हा त्यांचा पूर्णवेळ धंदा आहे.

या बाईचा एक नियम होता. बाळ जन्माला येऊन त्यानं ट्यँहँ केल्याशिवाय डब्याची गोष्ट काढायची नाही. आठव्या महिन्यात कुणी फोन केला तर ती म्हणायची, "सुखरूप मोकळी हो बाई आधी, मग बोलू." रिकामा पाळणा हलवू नये, ही सांगलीतून तिनं जपून आणलेली समजूत. विमानात सामान वजन करून भरलं होतं, पण असल्या गोष्टींना वजन कुठलं असायला? त्या बिनबोभाट येतात आणि तीस वर्षं घरात राहतात.

तिची एकुलती एक लेक, इशिता, इथेच जन्मली. आता एकोणतीस वर्षांची आहे, नवऱ्याबरोबर अप्पर हटला राहते आणि रोज ट्रेननं वेलिंग्टनला कामाला जाते. मराठी तिला सगळं कळतं, उत्तर मात्र इंग्रजीत येतं. मायलेकींत भांडण होतं म्हणावं तर तसं काही नव्हतं. दर रविवारी फोन व्हायचा, हवापाण्याची चौकशी व्हायची. पण इशिता अकरा वर्षांची असताना शाळेच्या पोहण्याच्या शर्यती होत्या, आणि स्नेहलता एका बाळंतिणीचा डबा देऊन पोचली तेव्हा शर्यती संपून गेल्या होत्या. ओले टॉग्ज, म्हणजे पोहण्याचे कपडे, पिशवीत घेऊन पोर फाटकापाशी उभी होती. ती एवढंच म्हणाली, "यू ओन्ली लाइक अदर पीपल्स बेबीज." हे वाक्य स्नेहलताच्या मनातून कधी पुसलं गेलं नाही. पुढे लग्नानंतर इशितानं बजावून सांगितलं होतं, "आई, बेबीचं जे काय असेल ते आम्ही सांगू. प्लीज, डोन्ट आस्क." आईनं शब्द दिला होता. म्हणजे शेकडो बायकांची बाळंतपणं निभावलेली ही बाई एकाच बाळंतपणाची डोळ्यांत तेल घालून वाट बघत होती, आणि नेमकं त्याबद्दलच विचारायची तिला चोरी होती.

वेबसाइट काढून दिली मुग्धानं. ही मुग्धा आयटीतली, मूळची पुण्याची. तिच्या दोन्ही बाळंतपणांत काकूंचा डबा होता, त्यामुळे तिला ते ऋण वाटायचं. हल्ली नवी मंडळी लांब लांब राहायला जातात, एकमेकींना ओळखत नाहीत, जे हवं ते फोनवर शोधतात. म्हणून काकूंची एक वेबसाइट हवीच, असं तिचं म्हणणं. साइट देखणी झाली. वर नाव 'मायेचा डबा', खाली चकचकीत पितळी डब्याचा फोटो, त्याखाली मराठीत चार ओळी: "घरच्या चवीचं सात्त्विक जेवण. प्रेमानं रांधलेलं." नंतर मुग्धा हॅमिल्टनच्या रोटोटुनाला राहायला गेली आणि साइट आपली तिथेच, कुणी न उघडलेल्या दिवाळी अंकागत पडून राहिली.

मार्चमधल्या एका रविवारी मुग्धा मुलांना घेऊन जेवायला आली. जेवण झाल्यावर तिनं लॅपटॉप उघडला. "काकू, साइट कशी चाललीय ते बघूया. गुगलचं एक फुकट साधन आहे, त्यात सगळं दिसतं."

"सगळं म्हणजे?"

"लोकांनी काय शोधलं, त्यात आपण कितव्या नंबरावर दिसलो आणि कितीजणांनी आपल्यावर क्लिक केलं."

तीन महिन्यांत साइट दोनशे बारा वेळा लोकांना दिसली होती. क्लिक नऊ. "त्यातले सहा माझे," पुरुषोत्तम सोफ्यावरून म्हणाले. "डबा किती वाजता येणार ते बघत होतो."

मुग्धा हसली आणि तिनं पुढचं पान उघडलं. लोकांनी गुगलवर टाइप केलेल्या शब्दांची ती यादी होती. शब्द इंग्रजी, एकाखाली एक, शेजारी आकडे. स्नेहलतानं चष्मा चढवला आणि वाचायला लागली. बाळंतपणानंतर काय खावं, भारतीय. सिझेरियननंतर भात चालतो का. अंगावर दूध येण्यासाठी लाडू, ऑकलंड. आईचा व्हिसा नाकारला, बाळाची तारीख जवळ. पहिल्या आठवड्यात मदत, आई-वडील इथे नाहीत.

ती वाचत गेली आणि तिचं बोट पडद्यावर ओळीओळीनं खाली सरकत राहिलं. वीस वर्षं ती एकेका घराची बेल वाजवत आली होती. एका वेळी एक घर, एक बाई. आज पहिल्यांदाच घरांची दारं तिच्यासमोर एकदम उघडली होती, आणि प्रत्येक दारात कुणीतरी तोच प्रश्न घेऊन उभं होतं.

"या कोण गं बायका?" तिनं हळूच विचारलं.

"नावं दिसत नाहीत, काकू. आणि हे सगळे प्रश्नसुद्धा नाहीत. अगदी थोड्याजणी जे विचारतात ते गुगल दाखवतच नाही, कुणी ओळखू येऊ नये म्हणून."

"म्हणजे याहून जास्त आहेत?"

"खूप जास्त."

स्नेहलतानं चष्मा पुसून पुन्हा चढवला. मग शेजारच्या आकड्यावर बोट ठेवून तिनं विचारलं, "हे सत्तेचाळीस काय?"

"तो आपला नंबर. या बाईला आपण सत्तेचाळिसावे दिसलो, म्हणजे पाचव्या पानावर. पाचव्या पानापर्यंत कुणी जात नाही." मुग्धानं साइटचं पहिलं पान उघडून दाखवलं. "आता मला सांगा, आपल्या पानावर बाळंतपण हा शब्द कुठे आहे? बाळ? आई? लाडू? गुगलला वाटतं आपण ऑफिसला डबे पाठवतो."

स्नेहलतानं पान वरून खाली वाचलं. खरंच नव्हता. तिनंच मुग्धाला तो घालू दिला नव्हता. अजून न आलेल्या बाळांविषयी भिंतीवर लिहून ठेवल्यासारखं तिला वाटलं होतं. "अगं, आधी कसं बोलायचं?" ती म्हणाली. "रिकामा पाळणा..."

"काकू, बायका आधीच शोधतात. सातव्या-आठव्या महिन्यात. बाळ झाल्यावर हातात फोन धरायला फुरसत कुणाला असते?"

मुग्धा पासवर्ड कागदावर लिहून देऊन गेली. पुढचे चार दिवस स्नेहलतानं कढईशी आणि नवऱ्याशी फारसं भाषण केलं नाही. तिच्या डोळ्यांसमोरून ती यादी हलत नव्हती. पाचव्या दिवशी चहा घेताना ती म्हणाली, "अहो, विचारणारीला उत्तर दिलं तर त्यात पाळणा कुठे हलला?"

"मी कधी म्हटलं हलला?" पुरुषोत्तम म्हणाले. "मी तर गेली वीस वर्षं कशालाच हात लावलेला नाही."

मग बाईनं पदर खोचला. म्हणजे साडी ती सणावारीच नेसते, पण जीन्सवर पदर खोचता येतो हे ज्यांनी तिला पाहिलंय त्यांना सांगावं लागत नाही. फोनवरून मुग्धा सांगायची आणि ही वहीत टिपून घ्यायची. पितळी डब्याचा फोटो एवढा जड होता की साध्या फोनवर पान उघडायला अकरा सेकंद लागत होते. तो काढून लहान केला. पानाच्या नावात 'मायेचा डबा'च्या जोडीला 'बाळंतिणीचं जेवण, ऑकलंड' आलं, तेही इंग्रजीत, कारण शोधणाऱ्या इंग्रजीत शोधत होत्या. एका प्रश्नाला एक पान, असा तिनं नेम धरला. भाताचा प्रश्न आला, भाताचं पान लिहिलं. इंग्रजी तिचं साधंच, पण वीस वर्षं मिडवाइफ बायकांशी बोलून घासूनपुसून लख्ख झालेलं. इथे बाळ झाल्यावर मिडवाइफ घरी येऊन तपासून जाते. तिला विचारल्याशिवाय काही नवं खाऊ नका, हे वाक्य प्रत्येक पानावर होतंच.

लिहून झालं की गुगलला कळवायचं, नवीन पान आलंय, बघून जा, आणि मग वाट बघायची. भाताचं पान सत्तेचाळिसावरून एकतिसावर आलं, मग एकोणिसावर. रोज सकाळी ओटाहुहूच्या त्या स्वयंपाकघरात एकीकडे खारीक कुटली जायची आणि दुसरीकडे आकडे वाचले जायचे. "आज काय, कितव्या नंबरावर आलो?" पुरुषोत्तम विचारायचे. "अकरा," ती म्हणायची. "पण बघा तरी, हे लोक वाचून जातायत. मी इथे डिंक तळतेय आणि तिकडे डनेडिनमध्ये कुणीतरी माझा भात वाचतेय." हे सांगताना दर वेळी तिचा आवाज खाली यायचा, देवघरासमोर येतो तसा.

दुसरं एक साधन होतं, त्यात आलेली माणसं कुठल्या गावाहून आली, कुठल्या पानावर किती वेळ थांबली हे दिसायचं. मुग्धानं बजावलं होतं की गाव अंदाजेच असतं, त्यावर फार विसंबू नका. स्नेहलतानं ते ऐकून घेतलं आणि गावांची यादी उघडली. ऑकलंड, हॅमिल्टन, क्राइस्टचर्च, आणि सर्वांत खाली अप्पर हट. एकजण.

दुसऱ्या दिवशीही अप्पर हट, एकजण. तिसऱ्या दिवशीही. येणारी कुणीही असो, ती एकाच पानावर यायची. 'पहिले बारा दिवस' नावाचं ते पान होतं: बाळ झाल्यापासून बारशापर्यंत आईनं काय खावं, कसं निजावं, काय मनाला लावून घेऊ नये. येणारी तिथे सहा-सहा, सात-सात मिनिटं थांबायची. एवढंसं पान वाचायला दोन मिनिटं पुरे होती.

स्नेहलताच्या हातातला झारा कढईतच राहिला. अप्पर हटमध्ये तिला ओळखणारं एकच घर होतं. रविवारी फोनवर तिनं इशिताला थंडी किती आहे ते विचारलं, जेवण वेळेवर होतं का ते विचारलं आणि पुढे जीभ आवरली. दिलेला शब्द तो शब्द. शिवाय पहिले महिने सांगायचे नसतात, पोरीला आपली एवढी तरी रीत ठाऊक आहे, या विचारानं तिला आतून उकळ्या फुटत होत्या.

एप्रिलच्या शेवटी एका सकाळी तिनं साइटवरच्या शोधाच्या चौकटीची नोंद उघडली. साइटवर आलेलं माणूस त्या चौकटीत काहीतरी टाइप करून आतल्या आत शोधू शकायचं. अप्पर हटच्या ओळीसमोर एक नोंद होती. तीन शब्द, मराठीत सांगायचं तर: आईशिवाय कसं करायचं.

तिनं ते पुन्हा पुन्हा वाचलं. मग गॅस बंद केला आणि खुर्चीवर बसली. पोरीला बाळ होणार होतं आणि तिला आई नको होती. रागानं लिहिलेलं दिसत नव्हतं, तेच जास्त लागलं. शांतपणे, सोय बघावी तसं लिहिलं होतं. पुरुषोत्तम आत आले, बायकोचा चेहरा बघून काहीही शेरा न मारता त्यांनी चहा टाकला. तीस वर्षांत तो त्यांनी टाकलेला कितवा चहा हे त्यांना विचारू नये.

दुसरी एखादी असती तर रुसली असती, फोन करून रडली असती, नाहीतर विमानात बसून दारात उभी राहिली असती. स्नेहलतानं लॅपटॉप ओढला आणि त्याच बारा दिवसांच्या पानावर पुढे लिहायला सुरुवात केली. आईशिवाय बारा दिवस कसे काढायचे ते तिनं लिहिलं. मुलीला आपण नको असू तर नको, पण तिचं काही अडता कामा नये. आणि आईशिवाय काढलेले बारा दिवस तिला स्वतःला चांगले माहीत होते. ते तिनं आजवर कुणालाही, इशितालाही, सांगितलेले नव्हते.

तिनं लिहिलं की १९९६ च्या जुलैत तिला मुलगी झाली तेव्हा तिची आई सांगलीत होती आणि तिकिटाची ऐपत कुणाचीच नव्हती. हॉस्पिटलात टोस्ट आणि बर्फ घातलेलं पाणी समोर आलं, ते देणाऱ्या नर्सचा चेहरा प्रेमळ होता म्हणून तिनं ते प्यायलं. घरी आल्यावर फोनकार्ड आणून आईला फोन लावला. आई डिंकाच्या लाडवांची कृती सांगत होती, आणि "आता डिंक घे आणि" एवढ्यावर कार्डातले पैसे संपले. डिंक घेऊन काय करायचं हे कळलं नाही. तो न तळताच तिनं लाडू वळले, ते दातांना असे चिकटले की नवव्या दिवशी ती लाडू हातात धरून हमसून हमसून रडली. मांडीवर बाळ होतं. ते रडायचं थांबून तिच्याकडे बघत राहिलं. तेव्हा तिनं ठरवलं की हे सगळं आपण शिकायचं, धड शिकायचं, म्हणजे या मुलीवर कधी ही वेळ यायची नाही. "हे सगळं मी तुझ्यासाठी शिकले," तिनं लिहिलं. "तू मला बोलावलं नाहीस तरी चालेल. डिंक तळ, थोडाथोडा, तुपात, तो फुलेपर्यंत."

दुसऱ्या दिवशी अप्पर हट, एकजण. एकोणीस मिनिटं.

त्यानंतर ती रोज एखादी ओळ वाढवायची. रात्री भीती वाटली तर काय. नवऱ्याला भात कसा शिकवायचा. कुणाशी बोलावंसं वाटलं आणि आईशी बोलायचं नसेल तर कुणाशी. लिहायची आणि सकाळी बघायची, आणि अप्पर हटहून कुणीतरी येऊन ते वाचून गेलेलं असायचं. तीस वर्षांत मुलीशी एवढं बोलणं तिचं कधी झालं नव्हतं. जूनमध्ये मुग्धाचा फोन आला. "काकू, तुमचं बारा दिवसांचं पान देशात पहिलं येतंय. मी पगार घेऊन हे काम करते, मला जमलं नाही. काय केलंत काय?"

"काही नाही गं," स्नेहलता म्हणाली. "एकीला लिहिलं."

जुलैच्या पहिल्या आठवड्यात अप्पर हटची ओळ यादीतून गेली. एक दिवस, दोन दिवस, चार दिवस. सगळ्या देशातून बायका येत होत्या, आकडे चढत होते, आणि ही फक्त खालची एक ओळ शोधत होती. नवव्या दिवशी तिच्या हातून भाकरी करपली. दिलेला शब्द बाजूला ठेवून तिनं फोन उचलला.

"इशू, तू बरी आहेस ना? बाळ बरं आहे?"

"व्हॉट बाळ?"

स्नेहलतानं सगळं सांगून टाकलं. ओळ, मिनिटं, चौकट, ते तीन शब्द. बोलताना तिला रडू आवरेना.

"आई," इशिता सावकाश म्हणाली, "आय ॲम नॉट प्रेग्नंट. अँड आय हॅव नेव्हर ओपन्ड युअर वेबसाइट. नॉट वन्स." मग तिचं तिलाच ते कसं वाटलं कोण जाणे, ती घाईघाईनं म्हणाली, "सॉरी. मी तसं नाही मीन केलं." पण म्हणून तर झालं होतं.

त्या दिवशी स्नेहलतानं लॅपटॉप मिटून कपाटावर ठेवून दिला. एवढे महिने ज्या लेकीशी ती बोलत होती ती तिथे नव्हतीच. बाई हुशार, हिशेबी, आणि अंदाजानं दिलेल्या एका गावाच्या नावावर तीन महिने घर बांधून बसली. मुग्धानं आधीच सांगितलं होतं, पण आईच्या मनाला यादीतली शेवटची ओळ दिसली की वरच्या सूचना दिसत नाहीत.

तिसऱ्या दिवशी ईमेल आली ती पुरुषोत्तमांनी वाचून दाखवली. लिहिणारीचं नाव मैत्रेयी, अप्पर हटला राहणारी, पेशानं नर्स. बाळ वेळेआधी आलं, मुलगी झाली, नऊ दिवस दोघी हॉस्पिटलात होत्या, आता घरी आल्या आहेत. "माझी आई गेल्या वर्षी वारली," तिनं लिहिलं होतं. "तुमचं पान मी रोज वाचत होते. तुम्ही ते कुणासाठी लिहिता मला माहीत नाही. पण मी विचारलं आणि तुम्ही दुसऱ्या दिवशी उत्तर दिलंत, आणि मग रोज देत राहिलात. मी नर्स आहे, मला सगळं ठाऊक आहे असं सगळे धरून चालतात. मला काहीही ठाऊक नव्हतं. डिंक तळला. फुलला."

स्नेहलता उभीच होती. आईशिवाय कसं करायचं, हे विचारणारीला खरोखरच आई नव्हती. तिनं अंधारात हाक मारली होती आणि साडेसहाशे किलोमीटरवरून, चुकीच्या समजुतीनं का होईना, कुणीतरी ओ दिली होती. जिनं ओ दिली तिला हे ठाऊकच नव्हतं. स्नेहलतानं पडद्याकडे बघून हात जोडले.

दोन दिवसांनी ती वेलिंग्टनच्या विमानतळावर उतरली. सामानात कपडे कमी आणि डबे जास्त. न्यायला इशिता आली होती. गाडीत दोघी हवेबद्दल बोलल्या. मैत्रेयीच्या घरी इशिता म्हणाली, मी बाहेर थांबते, पण मैत्रेयीचा नवरा "किया ओरा" असा इथला माओरी नमस्कार करून "या ना आत" म्हणत दार धरून उभा राहिला तेव्हा तिला आत जावं लागलं. आईला असं कामात ती पहिल्यांदाच बघत होती. इतकी वर्षं डब्यासाठी आई घराबाहेर पडताना तिनं पाहिली होती, आई पोचायची तिथे काय व्हायचं ते पाहिलं नव्हतं. स्नेहलतानं बाळ बघितलं, मैत्रेयीला समोर बसवलं आणि भात कालवून वाटी तिच्या हातात दिली. मैत्रेयीनं पहिला घास घेतला आणि घास तोंडात तसाच ठेवून ती रडायला लागली. "रड," स्नेहलता म्हणाली, "पण गिळ." इशिता भिंतीला टेकून उभी होती, आणि कुणीही न सांगता तिनं पेलाभर पाणी कोमट करून आणलं.

आठ दिवस स्नेहलता लेकीकडे राहिली आणि रोज सकाळ-संध्याकाळ इशिता तिला मैत्रेयीकडे सोडत राहिली. सातव्या दिवशी संध्याकाळी स्नेहलता ओट्याशी दुसऱ्या दिवशीचे अळीव भिजत घालत होती. इशिता कामावरून आली, बॅग खाली ठेवली आणि कोट अंगात असतानाच टेबलाशी बसली. तिच्या हातात फोन होता.

"ट्रेनमध्ये वाचलं," ती म्हणाली. "सगळं. दोनदा."

स्नेहलता वळली नाही. "तुला म्हणून लिहिलं होतं," ती म्हणाली. "काढून टाकते पाहिजे तर."

"नको." तिनं फोन टेबलावर पालथा ठेवला. "मला वाटायचं, यू लेफ्ट मी फॉर दोज विमेन. माझ्यामुळे स्टार्ट झालं, हे तू कधी सांगितलंच नाहीस."

"तू कधी विचारलं नाहीस. आणि मला वाटलं, बाळाचा विषयच काढायचा नाही असं ठरलंय ना आपलं." एवढं बोलून स्नेहलतानं हात पुसले, आणि तेव्हा तिला दिसलं की इशिता रडते आहे, आवाज न करता.

"नवव्या दिवशी मी तुझ्याकडे बघत होते, इट सेज," इशिता म्हणाली. "अँड देन बाराव्या दिवसाला पान संपतं. पुढे काय झालं, आई?"

"पुढचं लिहिलं नाही कुठे."

"मला वाचायचं नाहीये," इशिता म्हणाली, आणि तिनं शेजारची खुर्ची ओढून दिली. स्नेहलता बसली आणि तेराव्या दिवसापासून सांगायला लागली.